सव्वापाच फुटांचा पलंग

माझी धाकटी बहीण चांगली आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे माझ्या तोंडून ते पुन्हा ऐकायला मिळेलच असं नाही. ती इतकी चांगली आहे की तिच्याशी भांडायलासुद्धा कारण सापडत नाही. हा त्रास ज्याला आहे त्यालाच कळेल.

मी पडदे आणि पलंगपोस शिवते. बाबा गेले तेव्हा मी नववीत शाळा सोडली आणि मशीनवर बसले. धाकटी शिकली. माझ्या शिलाईवर शिकली, पण हे ती स्वतःच चारचौघांत इतक्यांदा सांगते की मला बोलून दाखवायची सोयच राहिली नाही. मग आमच्या भागातला रंगाचा कारखाना पाडला आणि तिथे काचेच्या इमारती उठल्या. एकेकीत चार-चार हजार माणसं कामाला. धाकटी तिथे मैत्रिणीला सोबत म्हणून गेली आणि नोकरी हिलाच लागली. मैत्रीण हात हलवत परत आली. फोनवर लोकांच्या विम्याच्या तक्रारी ऐकायचं काम. पाच वर्षांत बाई चाळीस जणांच्या वर जाऊन बसली.

तिचा पगार वाढला की ती आईला फोन करायची. आणि तिच्यासारख्या हजारोंचा वाढला की आमचा घरमालक जिना चढून वर यायचा. "काय करणार ताई, ऑफिसवाले याच खोल्यांना दुप्पट द्यायला तयार आहेत." त्यांच्या बढत्या अशा आमच्या भाड्यात उतरायच्या. दोनदा घर बदललं, दोन्ही वेळा घर लहान झालं. शेवटी दीड खोलीत आम्ही चौघं, मी, हे, मुलगी आणि आई. खिडकी एकच, आणि तिच्याखाली आईची खाट. आईचे गुडघे गेलेले, वॉकरशिवाय पाऊल उचलत नाही. तिला हलवणार कुठे? मी अकरा वर्षं भिंतीकडे तोंड करून बल्बखाली शिवलं. काळ्या कापडावर काळा दोरा घालताना डोळ्यांतून पाणी यायचं. मला फार काही नको होतं. ती खिडकी हवी होती.

कारखान्याच्या उरलेल्या जागेवर एका बिल्डरने घरं बांधायला काढली. इमारत उठायच्या आधी गिऱ्हाइकाला दाखवायला पत्र्याच्या शेडमध्ये एक नमुना घर उभं केलं होतं. त्याचे पडदे मी शिवले, आणि मग ते रोज झाडून-पुसून मांडायचं कामही माझ्याकडेच आलं. पलंगपोसाचं माप आलं ते लांबीला सव्वापाच फूट. मला वाटलं, लिहिणाऱ्याची चूक. विक्रीवाला हसला. "मावशी, पलंगच तेवढा आहे. सामान लहान केलं की खोली मोठी दिसते." (मावशी म्हणे! माझ्याहून फार तर चार वर्षांनी लहान असेल.) कपाटात हँगर सरळ मावत नव्हता. खोल्यांना दारंच नव्हती, कारण दार उघडायलाही जागा लागते हे कुणाच्या लक्षात यायला नको. पलंगावर पाटी, 'कृपया बसू नये'. लोक यायचे, "केवढी मोठी खोली!" म्हणायचे, आणि मी शेजारी उभी राहून उशा थोपटायची.

एका रविवारी धाकटी आणि तिचा नवरा तिथेच घर बघायला आले. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. माणसं दोन, मूलबाळ नाही, तरी दोन खोल्या! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. विक्रीवाल्याने तिला काचेच्या कपात चहा आणून दिला. मी वर्षभर तिथे राबत होते, मला कधी पाणीही विचारलं नव्हतं. धाकटीने तो कप माझ्याच हातात दिला. तेही मला झोंबलं.

मग लहान खोलीच्या मधोमध उभी राहून तिने विचारलं, "ताई, इथे पलंग टाकून नीट फिरता येईल ना गं? तू रोज इथे असतेस, तुला बरोबर माहीत."

विक्रीवाला माझ्याकडे बघत होता. नुसतं "पलंगाचं माप घे" म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

"दिसतंय की डोळ्यांसमोर," मी म्हटलं. "पलंग आहे, आणि तू फिरतेयस."

"तू म्हणतेस म्हणजे झालं," ती म्हणाली आणि त्याच आठवड्यात वीस वर्षांचं कर्ज काढून मोकळी झाली.

दीड वर्षाने किल्ल्या मिळाल्या. सामान लावायला तिने मला बोलावलं. मी गेले ती मदतीला नाही, तिचं तोंड बघायला गेले. आणि झालं तसंच. लहान खोलीत खरा पलंग टाकला तर दार अर्ध्यावर अडलं. सुतार तीनतीनदा टेप लावून मान हलवत होता. धाकटी दारात कपाळाला हात लावून उभी. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

"ताई, आता काय करू?" ती म्हणाली. "यात वॉकर कसा फिरणार?"

"वॉकर कुणाचा?"

"आईचा, दुसऱ्या कुणाचा? तुला सगळं लावून झाल्यावर सांगणार होते. अकरा वर्षं तू केलंस, आता आई माझ्याकडे. आम्हा दोघांना एक खोली पुरली असती गं."

ती क्षणभर विचार करून सुताराला म्हणाली, "हा पलंग मोठ्या खोलीत लावा. आई तिथे राहील. आम्ही इथे खाली गादी टाकू." नवऱ्याला विचारलंसुद्धा नाही, आणि त्यानेही लगेच पलंगाचं एक टोक उचललं.

तेव्हा मात्र मला राहवलं नाही. "मला माहीत होतं," मी म्हटलं. "तिथला पलंग सव्वापाच फुटांचाच होता. पलंगपोस मीच शिवलाय."

तिला कळायला थोडा वेळ लागला. "मग मी विचारलं तेव्हा का नाही बोललीस?"

"तुला घर मिळू नये असं नव्हतं गं मनात. पण सगळंच मनासारखं मिळू नये, एवढं वाटत होतं."

ती रडली नाही, ओरडलीही नाही. ओरडली असती तर फिटलं असतं. हातातली खिळ्यांची पुडी तिने सुताराला दिली. मग म्हणाली, "आईला यातलं काही बोलू नकोस. तिला इथे सुखाने राहायला येऊ दे."

पुढच्या रविवारी आई धाकटीकडे राहायला गेली. मशीन आता खिडकीपाशी आहे, उजेड छान येतो, काळा दोरा काळ्या कापडावर स्पष्ट दिसतो. दर आठवड्याला आईचा फोन येतो. "धाकटीने सगळ्यात मोठी खोली मला दिली बघ. स्वतः जमिनीवर झोपते. अशी मुलगी मिळायला नशीब लागतं." मी म्हणते, "हो आई, ती आहेच तशी." ते अगदी खरं आहे, आणि ते म्हणताना अजूनही माझ्या पोटात दुखतं.