नव्या व्हर्जनला दिसलेले रकाने

"आगं, काय दाबलीस काय तू?" मॅडम वरडल्या आणि माझ्या मांडीवरचं पोर दचकून रडाय लागलं. स्क्रीनवर कधी न बघितलेली पिवळी पट्टी आलती. तिच्या खाली रोज येणारा तक्ता न्हाईच. मी फकस्त अपडेटचं बटण दाबलंतं, ते बी मॅडमनीच सांगितलं म्हणून.

मॅडम मूळच्या निपाणीच्या, आता बेळगावात कॉलेजात शिकवत्यात. निपाणीकडं विडी वळणाऱ्या बायकांच्या दारोदार फिरून त्यांनी लेकरांची माहिती लिहून आणलीती. ती कॉम्प्युटरात चढवायचं काम माझं. मी धाव्वी नापास, पर टायपिंग शिकलेली. बेळगावाला लागून हिंडलग्यात आमच्या घरात पोराला बघाय कोण न्हाई, नवरा सकाळीच फौंड्रीला जातोय. मग पोराला घिऊनच मॅडमच्या घरी जायची. "आण की गं, लेकराची कसली अडचण," त्याच म्हणाल्यात्या.

हिशेब काढायचा प्रोग्राम फुकटचा. कुठकुठली शिकलेली माणसं मिळून करत्यात म्हणं. अधनंमधनं नवीन व्हर्जन येतंय, संगं काय काय बदललं ते बी लिहून येतंय, इंग्लिशमधी. मला ते कळत न्हाई, मॅडमना सवड न्हाई.

"पट्टीत काय लिहिलंय?" मी भीत भीत इचारलं.

"काई बायकांचा रकाना रिकामा हाय म्हणतंय. त्यांना धरू का सोडू, आधी सांगा म्हणतंय. तू सोडलीस काय रकाने?"

"न्हाई मॅडम."

तोंडातनं गेलंच. इचार कराय वेळच न्हवता.

"मग ह्यांच्याच व्हर्जनात घोळ. कालपत्तूर बरं चाललंतं की!" मॅडम तिथंच बसून त्या प्रोग्रामवाल्यांना खडसावून लिवाय लागल्या. तोंडानं कानडीत चाललंतं, "येन हुच्च मंदी!" काय येडी माणसं म्हणून. मी पोराला थोपटत ऱ्हायले. जुन्या व्हर्जननं काढलेल्या तक्त्यावर मॅडम लई खूश हुत्या. विडीवाल्या बायकांची लेकरं दगावायचं कमी झालंय, आता कॉलेजवाल्यांच्या सभेत उभं ऱ्हाऊन सांगते, म्हणत हुत्या.

दुसऱ्या दिशी उत्तर आलं. मॅडमनी वाचून मला मराठीत सांगितलं. रागाचा एक शबूद न्हाई त्यात. जुनं व्हर्जन रिकाम्या रकान्याच्या बायकांना न सांगता गाळत हुतं, ते बरं न्हवं म्हणून आता आधी इचारतंय. तुमचे रकाने एकदा बघा.

मॅडमनी चष्मा काढला आणि माझ्याकडं बघितलं.

तो रकाना एकच हुता. वर्षाच्या आत गेलेली लेकरं किती. शून्य असलं की मी झटक्यात टाकायची. पोर खाली गोधडीवर निजलं असलं तर एक, दोन बी टाकायची. पर पोर मांडीवर, माझ्याच छातीला लागून दूध पितंय, आणि मी मेलेल्या लेकरांचा आकडा दाबू? माझं पोर जन्मल्या जन्मल्या काचेच्या पेटीत ठेवलंतं. आमच्यात नजर लागती म्हणून जित्ती लेकरं सुद्दा मोजू देत न्हाईत कुणाला. बोट पुढंच जाईना. मग रकाना सोडून खालच्या बाईवर जायची. वाटलं, एक रकाना, कुणाचं काय अडतंय.

"मीच सोडलंय मॅडम," मी म्हटलं. "पोर मांडीवर हुतं."

मला वाटलं, आता जा म्हणतील. मॅडमनी ते उत्तर परत एकदा वाचलं. मग म्हणाल्या, "आणि मी त्या माणसांना काय काय लिवलं गं! येडी म्हटलं." त्यांचंच तोंड उतरलंतं. मग हात पुढं केले. "दे त्याला हिकडं. व्हरांड्यात बसते मी घिऊन. तू कागद काढ."

पोर गेलं. मांडी मोकळी झाली आणि मी रकाने भराय लागले. दोन. एक. एक. तीन. एका कागदाच्या कडंला मॅडमनी लिवलंतं, सांगताना बाईचा हात विडी वळायचा थांबला न्हाई. त्या बाईनं तोंडानं सांगितलं हुतं. समोर बसून. आणि माझ्यानं नुसतं बोट दाबवंना. मी गाळलं म्हणून ती बाईच तक्त्यातनं गेली. तिची लेकरं तर दुसऱ्यांदा गेली. तिच्या जागी मॅडम सभेत सांगणार हुत्या, सगळं बरं चाललंय.

नवीन तक्ता आला तवा मॅडम खूश झाल्या न्हाईत. नुसतं वाचत ऱ्हायल्या. व्हरांड्यातनं पोर परत माझ्याकडं दिलं तवा मी त्याच्या कपाळावरनं हात फिरवला, आणि फिरवताना बी लाज वाटली, की अजून भ्यालीयाच मी.

आता पोर मांडीवर असलं की मॅडम न सांगता उचलून नेत्यात. त्यांच्याकडं बघाय मला होत न्हाई. तुम्ही आया असशीला तर खरं सांगा. दूध पिणारं लेकरू मांडीवर, आणि बोटाखाली तो आकडा. तुम्ही काय केलं असतं?