पाळीपत्रकाचं कुलूप

दार सताड उघडं असलं तरी ते टकटक करून विचारायचे, "आत कोण हाय का?" आपण समोर खुर्चीत बसलेले दिसत असू, तरीही. उत्तर आल्याशिवाय पाऊल आत टाकायचे नाहीत. तुमच्याही कचेरीत असा एखादा असेल. आमच्या साखर कारखान्याच्या संगणक खोलीत हे होते.

ऐंशीच्या दशकाची अखेर. ऊसतोडीचं पाळीपत्रक, म्हणजे कुणाचा ऊस कधी तुटणार ती यादी, जुन्या मोठ्या यंत्रावर होती. मग नवी छोटी यंत्रं आली आणि तारेनं त्याला जोडली. दोन्हींच्या ऑपरेटिंग सिस्टिम वेगळ्या. जुनी फाईलवर 'वापरात आहे' अशी खूण ठेवायची, पण न बघता घुसणाऱ्याला अडवायची नाही. नवी सरळ कडी लावायची. आणि एकीचं कुलूप दुसरीला दिसायचंच नाही.

व्हायचं तेच झालं. खोलीतल्या दोघांनी दोन वेगळ्या यंत्रांवर एकाच वेळी फाईल उघडली, दुसऱ्यानं पहिल्याचं लिहिलेलं पुसलं आणि शिरोळकडच्या एका विधवेची पाळी यादीतून नाहीशी झाली. तिचा ऊस तुरे येऊन वाळला. चूक या टकटक करणाऱ्यांची नव्हती, तरी एसटीनं जाऊन त्यांनी तिच्या बांधावर माफी मागितली. बाईनं भरपूर ऐकवलं आणि मग जेवायला वाढलं. दोन्ही मुकाट्यानं घेऊन ते परत आले.

नंतर त्यांनी काढलेला तोडगा इतका साधा होता की मला हसू आलं. पाळीपत्रक उघडण्याआधी शेजारी एक चिमुकली फाईल करायची, तीत आपलं नाव लिहायचं, काम संपलं की पुसायची. एकाच नावाची दुसरी फाईल या दोन्ही सिस्टिम करू देत नसत. ती असेल तर थांबायचं.

वीज गेली की मात्र ही फाईल मागे राहायची आणि सगळे खोळंबायचे. दहा मिनिटांनी ती आपोआप पुसली जावी, असं मी सुचवलं.

"माणूस आत हाय का न्हाय, ते घड्याळ कसं सांगंल?" ते म्हणाले. "ज्याचं नाव हाय, त्याला जाऊन इचारा की."

एका हंगामात काम करता करताच त्यांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. धावपळीत कुणीतरी त्यांचं यंत्र तसंच बंद केलं.

दुसऱ्या दिवशी पाळीपत्रक उघडेना. पडद्यावर त्यांचं नाव आलं. बाहेर तोडणीच्या टोळ्या थांबलेल्या. पुसायला एक ओळ टाईप करायची होती, पण माझा हात होईना. हा माणूस मला किती हवा होता, ते तेव्हा कळलं.

शेवटी सायकल काढून त्यांच्या घरी गेलो. वहिनींना कसंबसं सांगितलं, की यंत्रावरून त्यांचं नाव काढायचंय, म्हणून विचारायला आलोय.

त्या म्हणाल्या, "काम अडलंय न्हवं?"

"व्हय."

"मग काढा की. माझ्यापायी नगा थांबू."

परत येऊन मी नाव पुसलं. पाळीपत्रक लगेच उघडलं.