अ‍ॅडजस्ट करा म्हणणारे

नातीला बघायला मंडळी आली होती. मुलाची आई गोड हसून म्हणाली, "नोकरी करू दे की, पण घरात थोडं अ‍ॅडजस्ट करावं लागेल हो." मला इंग्रजी येत नाही, पण हा शब्द मी चांगला ओळखून आहे. एसटीत तो म्हणत चौथा माणूस माझ्या मांडीवर बसतो. दुकानदार तो म्हणत किडका तांदूळ गळ्यात मारतो. ज्याला म्हणतात त्याचंच काहीतरी जातं, म्हणणारा ऐसपैस राहतो. मी मुलाला विचारलं, "आणि पाहुणे, तुम्ही काय अ‍ॅडजस्ट करणार?"

बोलायच्या आधी त्यानं आईकडं पाहिलं. ते नातीनंही पाहिलं. ती उठली आणि पोह्यांच्या अर्ध्या भरलेल्या बशा गोळा करू लागली.