तांदळाच्या डब्यातली डबी

कारभारीण गेली आणि घरात बोलणारं कुणी उरलं नाही. ती बोलायची, मी ‘हुं’ म्हणायचो, असा आमचा संसार. आता हुं कुणाला म्हणणार? भिंतीला म्हणून बघितलं. भिंत पुढचं सांगत नाही.

राहात्याला दिलेली थोरली लेक आली की एकच धोशा. “आबा, माझ्याकडं चला. ह्या मुक्या घरात येड लागंल तुमाला.” मला जावयाच्या दारात बसायचं नव्हतं. जावई भला माणूस, पण भल्या माणसापुढं दिवसभर नीट बसावं लागतं. शेवटी ती म्हणाली, “मग टीव्ही तरी चालू करा. माणसाचा आवाज ऱ्हाईल घरात. पुढच्या खेपेला टीव्ही बंद दिसला, तर तुमचं गाठोडं बांधून नेणार.”

टीव्ही होता. काळा-पांढरा, लाकडी खोक्यातला. कारभारणीनं स्वतःच्या दोन शेळ्या घोडेगावच्या बाजारात विकून घेतलेला. गाव त्याला शेळ्यांचा टीव्ही म्हणायचं. ही गेली, मागोमाग छपरावरचा अँटेना वावटळीत पडला, आणि टीव्हीवर नुसत्या मुंग्या. तेवढ्यात गावात केबल आली.

केबलवाला मोठ्या मिशीचा, त्याहून मोठ्या तोंडाचा. टीव्हीमागं डोकं घालून म्हणाला, “बाबा, हा भंगारात घाला. आमची वायर गोल, तुमच्या टीव्हीला लागती चपटी. ह्यांचं जुळायचं न्हाई.”

“तुझं लग्न जुळलं ना? मग कुणाचंबी जुळतं. मधी मध्यस्थ घाल.”

तो मिशीतल्या मिशीत हसला आणि विटेएवढी पत्र्याची डबी घेऊन आला. “ह्यो घ्या मध्यस्थ. कन्व्हर्टर म्हनत्यात. आमची वायर ह्या अंगाला, तुमची त्या अंगाला. ह्यो इकडचं तिकडं सांगतो.”

“आन खातो दोन्हीकडचं.”

“वीज खातो, बाबा. बाकी गरीब हाय.”

चित्र आलं. तो पान खाऊन गेला. लेक दुसऱ्या दिवशी येणार होती. मी खूश.

पण नवी वस्तू घरात आली की कारभारीण पूजा केल्याशिवाय कुणाला हात लावू देत नसे. सायकल, स्टोव्ह, विहिरीवरची मोटर, सगळ्यांच्या कपाळी हळदकुंकू. शेळ्यांच्या टीव्हीच्याही. मग ही डबी तेवढी बोडकी कशी ठेवायची? पूजा मला येत नव्हती, पण बघितली होती. कुंकू लावलं, दोन बोटं जास्तच. अक्षता टाकल्या. डबीला वरून भोकं होती, अक्षता आत गेल्या. मग तिथंच नारळ फोडला. ही नारळ बाहेर पायरीवर फोडायची, हे मला नारळ फुटल्यावर आठवलं.

डबी पाणी प्याली. टर्र केलं आणि गप्प झाली. टीव्हीवर पुन्हा मुंग्या.

पिन उपसून केबलवाल्याकडं गेलो, तर तो सासुरवाडीला, श्रीगोंद्याला. घरी येऊन डबी पालथी केली, फुंकली, हलवली. आतल्या अक्षता खुळखुळ्यासारख्या वाजायला लागल्या. जावयाचा ओटा डोळ्यांपुढं दिसायला लागला. मग आठवलं, काडेपेटी सादळली की ही ती तांदळाच्या डब्यात खुपसायची, आणि दुसऱ्या दिवशी काडी पेटायची. डबी तांदळात पुरली. लेक यायच्या आत काढू म्हटलं.

लेक सकाळच्या पहिल्याच गाडीनं आली, आणि आल्याआल्या भात टाकायला आत गेली.

“आबाऽऽ! हे काय?”

“कन्व्हर्टर.”

“तांदळात?”

“वाळत घातलाय.”

“ह्याला कुंकू कुनी लावलं?”

“मी.”

“आन नारळाचा वास कशाचा?”

मी टोपी झटकत बसलो. तिनं दोरीवरची माझी धोतरं ओढायला सुरुवात केली. “बास झालं. चला राहात्याला.”

“येकदा लावून बघू दे. न्हाई लागला, तर गाठोडं मीच बांधतो.”

वायरी जोडल्या, पिन खुपसली. मुंग्या. मग आडवी रेघ. मग एक बाई. कुठल्यातरी दक्षिणेकडच्या भाषेत बातम्या सांगत होती, भराभरा, कुणीतरी मागं लागल्यासारखी.

लेक धोतरं पोटाशी धरून उभी. “आबा, ह्यातलं काय कळतंय तुमाला?”

“तुझ्या आईचं तरी कुठं समदं कळत हुतं?”

एवढ्यात बाई दम खायला थांबली. माझ्या तोंडून आपसूक निघालं, “हुं.”

लेक लई हसली. हसता हसता तिनं पदर तोंडाला लावला, आणि हसू थांबलं तरी पदर तिथंच राहिला. मग धोतरं पुन्हा दोरीवर टाकून ती चुलीकडं गेली.

तांदूळ धुऊनही भात गुलाबी झाला. दोघांनी खाल्ला. बाई बोलत होती.

दुसऱ्या दिवशी लेक गाडीत एकटीच बसली. खिडकीतून एवढंच बजावलं, “दसऱ्याला नारळ पायरीवर फोडा. आन डबीला लांबून नमस्कार करा.”

“हुं,” मी म्हणालो.