पेन्सिलीची रेघ

मिस्त्रीला सगळे ‘ठकठक’ म्हणत. कोबा हातोडीने ठोकून पाहिल्याशिवाय तो तोंड उघडत नसे. चाळीस वर्षं त्याने हा नेम पाळला होता.

भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या दोन भावांपैकी थोरल्याने मात्र निकाल आधीच तयार ठेवून त्याला बोलावलं. थोरल्याच्या जुन्या घरातल्या मधल्या खोलीचा कोबा चिरला होता, मध्यभागी बोटभर खचला होता.

“भिंतीपलीकडे धाकट्याची मोरी आहे. तिचंच पाणी मुरतंय. तसं लिहून द्या, मोरी फोडायलाच लावतो.”

“त्यांना दुसरी मोरी आहे?”

“ती चिंता माझी नाही.”

मिस्त्री गुडघ्यांवर बसून ठोकत गेला. भिंतीलगत आवाज भरीव, मध्यभागी रिकाम्या डब्यासारखा. त्याने नकारार्थी मान हलवली. तरी भिंतीलगत प्लास्टिकचा एक तुकडा चिकटपट्टीने चारी बाजूंनी बंद केला.

“उद्यापर्यंत हात लावू नका. खालून ओल येत असेल, तर आत थेंब धरतील.”

निघताना त्याने कानावरची पेन्सिल काढली आणि पट्टीवरून खाली कोब्यापर्यंत चार रेघा ओढल्या. ही त्याची जुनी सवय होती.

दुसऱ्या दिवशी प्लास्टिकखाली पाणी साचलं होतं. थोरल्याने धाकट्याला मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

“बघ! डोळे फुटले नाहीत ना?”

“दादा, उद्या तुला शिंक आली तरी तू माझ्याच नाकाची झडती घेशील.”

मिस्त्री वाकला. पट्टीवरच्या रेघा कोब्यावरच्या रेघांपासून अर्धं बोट सरकल्या होत्या.

“साहेब, पट्टी उचलून परत लावलीय. हे पाणी जमिनीतून नाही, तांब्यातून आलंय.”

“माझ्याच घरात मला खोटारडा म्हणता?”

“अजून म्हणालो नाही. छिन्नी लावू?”

“लावा! चिखलच निघेल.”

चिखल निघाला नाही. कोब्याखाली कोरडी ठणठणीत पोकळी होती आणि तिच्यात कुजलेल्या फळ्या, चेपलेले डबे, मोडकी खुर्ची.

“भर कुणी घातली?”

धाकटाच बोलला, “यानेच. इथे सामान ठेवायचा खड्डा होता. चार दिवस माती चोपायची म्हटल्यावर याच्या जिवावर आलं. अडगळ कोंबली आणि वर कोबा ओतला.”

“लवकर बुजवून टाका,” थोरला पुटपुटला.

“बुजवायचं काम तुम्ही एकदा केलंत. आता मी भरतो.”

“मोरीला हात लागणार नाही ना?” धाकट्याने विचारलं.

“भिंत कोरडी आहे. कशाला लागेल?”

भावाकडे न बघता धाकटा निघून गेला. मिस्त्रीने अडगळ उपसली. वीतभर मातीचा थर, त्यावर पाणी, मग धुमसाने चोपणं, पुन्हा थर. तेवढ्यात भिंतीपलीकडे बादल्या ओतल्याचा आवाज सुरू झाला. एकीमागून एक, धबाधबा.

“मुद्दाम करतोय!” थोरल्याने दात खाल्ले.

“करू द्या,” धुमस उचलत मिस्त्री म्हणाला. “मोरी त्यांची आहे.”