वजूच्या पाण्यावरची बाग

नवरा गेला त्या वर्षी पाऊस पडलाच नव्हता. तो सहकारी साखर कारखान्यात होता आणि तिथल्या अतिथिगृहाची बाग मी सांभाळायचे. ऊस नाही म्हणून कारखाना बंद पडला, बाग वाळली. उन्हाळ्याच्या तोंडाला तो छातीत दुखून गेला. मी रडले नाही. नातेवाइकांना ते खटकलं. मला तेव्हा काहीच खटकत नव्हतं.

थोड्या दिवसांनी बीडच्या जुन्या पेठेतल्या एका फळांच्या व्यापाऱ्याचा निरोप आला. निजामाच्या काळातलं दगडी घर, मधे अंगण, वर माळवद, म्हणजे लाकडांवर माती अंथरलेलं सपाट छत. त्याच्या बायकोला अंगणात आणि वरही झाडं हवी होती. सगळे तिला आपा म्हणत. मी हो म्हणाले. नाही म्हणायला कारण सुचलं नाही.

माळवदावर मी पाय आपटून पाहिले. मधे छत हलत होतं.

"इथं ओली माती ठेवली तर छत खाली येईल," मी म्हणाले. "कुंड्या फक्त भिंतींच्या वर ठेवू. पण पाणी कुठलं?"

"टँकरचं प्यायलाच पुरत न्हाई," आपा म्हणाल्या. "पण नमाजाआधी सगळे वजू करतेत, हातपाय धुतेत. ते पाणी मोरीत जातंय."

अंगणात एक कोरडा हौद होता. त्याच्या तळाला भोकं पाडली, विटांचे तुकडे आणि माती भरली, मोरीचं पाणी तिकडं वळवलं. त्यात डाळिंब आणि मोगरा लावला. वर भिंतींच्या कडेनं मेंदी, सब्जा, कोरफड.

कुंड्या भरताना आपांनी विचारलं, "मालक जाऊन महिना न्हाई झाला. कामाला कशापायी आलात?"

"घरी बसून काय करू?"

त्या माती दाबत राहिल्या. मग म्हणाल्या, "लेक गेल्यावर माझंबी असंच झालतं. कुणी बोललं तर लई लांबून ऐकू यायचं."

मी मान हलवली. पुढची कुंडी ओढली.

उन्हात मोगरा जळाला, सब्जाही गेला. मेंदी तगली. डाळिंबानं सगळी पानं टाकली आणि मग बुडातून नवी फूट काढली. आपांनी मला मुद्दाम बोलावून दाखवली. "चांगलं झालं," मी म्हणाले. आवाज आपलाच असल्यासारखा वाटला नाही.

शेजारच्या माळवदावरून एक बाई बघत होती. "आमच्याकडं कवा येता?" तिनं विचारलं.

"उद्या," मी म्हणाले. उद्यासाठी दुसरं काही नव्हतंच.