सीतादहीच्या दिवशीचा वास

आज पुतण्याचा सदरा भिजवायला घेतला आणि तोच उग्र वास आला. कापसाला भाव नव्हता, त्या वर्षांतली गोष्ट. महागावजवळच्या वावरात पहिल्या वेचणीआधीची सीतादहीची पूजा होती; लहानपणी मीही बायांसोबत वेचायला जायची. कापसाच्या पऱ्हाट्या करपलेल्या, पण तुरीच्या ओळीत एक झाड हिरवंगार! हेच कसं तरारलं, या नवलापोटी मी पूजेला त्याचीच पानं तोडून आणली. वेचणाऱ्या बायांतल्या थोरल्या मावशीनं ती हुंगून फेकली. "गांजा हाय हा, पोरी!" मी म्हणाले, "पण हा वास तं आमच्या दादाच्या सदऱ्याले येते!" मावशीनं मालकाला बजावलं, "हे उपटल्याशिवाय आमी बोंडाले हात लावत नाही." त्यानं ते झाड उपटलं. दादाला मात्र मी कधीच काही विचारलं नाही. पुतण्या त्याचाच. पण पुतण्या घरी येईपर्यंत हा सदरा मी भिजवणार नाही; त्याला विचारणार आहे.